धुराऐवजी वाफ : हायड्रोजनवर गाड्या कितपत धावतील?

बोरघाटाच्या चढावर भरलेल्या मालट्रकच्या मागे अडकलेल्या माणसाला डिझेलचा धूर म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. गाडीत बसलेला निदान काचा वर करून घेतो. टोलनाक्यावर आठ तास उभा राहणारा कर्मचारी, चौकातला वाहतूक पोलीस, बसस्थानकाबाहेर भजी तळणारा गाडीवाला यांना मात्र वर करायला काच नसते. त्यांच्यापैकी अनेकांना खोकला, धाप, डोळ्यांची चुरचुर ही दुखणी ‘कामाचाच भाग’ वाटू लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलच्या धुराचा समावेश माणसात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात केला. तंबाखूचा धूर आणि ॲस्बेस्टॉस याच गटात आहेत.

या पार्श्वभूमीवर मार्च २०२५ मध्ये देशात हायड्रोजनवर चालणाऱ्या मालट्रकच्या चाचण्या सुरू झाल्या, ही बातमी महत्त्वाची होती. केंद्र सरकारने पाच प्रायोगिक प्रकल्पांना मंजुरी दिली. त्यात ३७ बस व ट्रक, नऊ इंधन केंद्रे आणि सुमारे २०८ कोटी रुपयांचे साहाय्य आहे. निवडलेल्या मार्गांत पुणे-मुंबई हा मार्गही आहे. यातल्या काही गाड्यांच्या मागच्या नळीतून धूर येतच नाही. येते ती पाण्याची वाफ. ऐकायला हे जादूसारखे वाटते. पण यात जादू काहीच नाही, आणि प्रश्न मात्र बरेच आहेत. ते प्रश्न समजून घेतले, तरच या इंधनाकडून किती अपेक्षा ठेवायची ते ठरवता येईल.

शरीरातही हेच चालते

हायड्रोजन हे विश्वातले सर्वांत हलके आणि सर्वांत विपुल मूलद्रव्य. हेन्री कॅव्हेंडिश यांनी १७६६ मध्ये त्याला ‘ज्वालाग्राही हवा’ म्हणून वेगळे ओळखले. पुढे लाव्हाझिए यांनी त्याला ‘हायड्रोजन’ म्हणजे ‘पाणी निर्माण करणारा’ हे नाव दिले. कारण हा वायू जळाला की ऑक्सिजनशी संयोग होऊन पाणी तयार होते. त्यात कार्बनच नसल्यामुळे काजळी नाही, कार्बन मोनॉक्साइड नाही आणि कार्बन डायऑक्साइडही नाही.

आपल्या शरीरात हीच रासायनिक क्रिया अहोरात्र चालू असते, हे फारसे कुणाच्या लक्षात येत नाही. भाकरी-भाजीतून मिळालेल्या अन्नातील हायड्रोजन पेशींमधल्या मायटोकाँड्रिया नावाच्या सूक्ष्म घटकांपर्यंत पोहोचतो. तिथे त्याचे इलेक्ट्रॉन एका वाटेने जातात आणि धन प्रभार असलेले प्रोटॉन एका पातळ पडद्याच्या पलीकडे ढकलले जातात. पडद्यातून परत येताना ते प्रोटॉन शरीराला लागणारी ऊर्जा तयार करून देतात. शेवटी श्वासातून आलेल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन पाणी बनते. अशा रीतीने प्रौढ माणसाच्या शरीरात रोज साधारण ३०० मिलिलिटर पाणी आतल्या आत तयार होते. पडद्याच्या आरपार जाणाऱ्या प्रोटॉनची ही भूमिका पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये मांडली. सुरुवातीला अनेकांनी ती नाकारली, पण १९७८ मध्ये त्यांना त्याबद्दल रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

गाडीतला ‘फ्युएल सेल’, म्हणजे इंधन घट, याच धाटणीचा असतो. एका बाजूने हायड्रोजन येतो, दुसऱ्या बाजूने हवेतला ऑक्सिजन. मध्ये एक पातळ पडदा असतो आणि त्यावर प्लॅटिनमचा सूक्ष्म थर असतो. प्लॅटिनम हायड्रोजनचे प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन असे दोन भाग करतो. पडदा फक्त प्रोटॉनना पलीकडे जाऊ देतो. इलेक्ट्रॉनना बाहेरच्या तारेतून वळसा घालावा लागतो, आणि तारेतून वाहणारे इलेक्ट्रॉन म्हणजेच वीज. ती वीज मोटार फिरवते. पलीकडे सगळे पुन्हा एकत्र येतात आणि पाणी होते. म्हणजे हायड्रोजनची अशी गाडी ही खरे तर विजेवरचीच गाडी. फक्त तिची वीज गाडीतच तयार होते.

साम्य इथेच संपत नाही. बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरमुळे माणूस दगावल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. त्यात कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्टपणे चिकटतो आणि ऑक्सिजनची जागा अडवून बसतो. इंधन घटातल्या प्लॅटिनमलाही तो तसाच चिकटतो. त्यामुळे गाडीत भरायचा हायड्रोजन ९९.९७ टक्के शुद्ध लागतो. हवेतली धूळ आणि गंधकाची संयुगेही या घटाला सोसत नाहीत, म्हणून आत जाणारी हवा गाळून घ्यावी लागते. थोडक्यात, या यंत्राला माणसाहून स्वच्छ हवा लागते.

हायड्रोजन वापरण्याची दुसरी, सोपी रीतही आहे. पेट्रोल किंवा डिझेलसारखा तो इंजिनातच जाळायचा. सुरू असलेल्या चाचण्यांत दोन्ही प्रकारच्या गाड्या आहेत. आरोग्याच्या दृष्टीने मात्र या दोन प्रकारांत फरक आहे. तो पुढे पाहू.

दोनशे वर्षांची वाट

हायड्रोजनची कल्पना आजची नाही. स्वित्झर्लंडच्या फ्रान्स्वा इझाक द रिव्हाझ यांनी १८०७ मध्येच हायड्रोजनवर चालणारी एक ओबडधोबड गाडी केली होती. पेट्रोलच्या मोटारी त्यानंतर जवळपास ऐंशी वर्षांनी आल्या. इंधन घटाचे तत्त्व विल्यम ग्रोव्ह यांनी १८३९ मध्ये दाखवले. कोळसा संपल्यावर पाण्यातले वायू इंधन म्हणून वापरले जातील, असे ज्यूल व्हर्नच्या एका पात्राने १८७४ च्या कादंबरीत म्हटले होते. जे. बी. एस. हाल्डेन यांनी तर १९२३ मध्ये केंब्रिजच्या व्याख्यानात पवनचक्क्यांच्या विजेने पाण्यापासून हायड्रोजन बनवून साठवण्याची योजनाच मांडली. हेच हाल्डेन पुढे १९५७ मध्ये भारतात स्थायिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला निवर्तले. आज ज्याला ‘हरित हायड्रोजन’ म्हणतात, ती कल्पना अशी शंभर वर्षांची आहे.

इंधन घटाला पहिले खरे काम मिळाले ते अंतराळात. चंद्रावर गेलेल्या अपोलो यानांची वीज हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या घटांतून येत असे आणि त्यातून तयार होणारे पाणी अंतराळवीर पीत असत. एप्रिल १९७० मध्ये अपोलो-१३ च्या ऑक्सिजनच्या टाकीचा स्फोट झाला, तेव्हा म्हणूनच वीज आणि पाणी दोन्ही एकदम तुटले. अंतराळवीरांनी पाणी अगदी घोट-घोट प्यायले. फ्रेड हेझ यांना त्या प्रवासात मूत्रमार्गाचा संसर्ग होऊन ताप आला. हे तिघे सुखरूप परतले, पण इंधन घटाला दोन्ही वायू सारखेच लागतात, हा धडा त्यातून मिळाला.

इंधन हलके, टाकी जड

एवढे चांगले इंधन असताना रस्त्यावर ते दिसत का नाही? पहिली अडचण साठवणुकीची आहे.

वजनाच्या हिशेबात हायड्रोजनला तोड नाही. एक किलो पेट्रोलमध्ये जितकी ऊर्जा असते, त्याच्या सुमारे पावणेतीन पट ऊर्जा एक किलो हायड्रोजनमध्ये असते. पण किलोभर पेट्रोल दीड लिटरच्या बाटलीत मावते, तर नेहमीच्या तापमानाला किलोभर हायड्रोजन सुमारे बारा हजार लिटर जागा व्यापतो. साधारण पाच फूट रुंद, दहा फूट लांब आणि आठ फूट उंच खोली भरली, की एक किलो झाला.

म्हणून तो दाबून भरावा लागतो. रुग्णालयातल्या ऑक्सिजनच्या मोठ्या सिलिंडरमध्ये हवेच्या दाबाच्या साधारण १५० पट दाब असतो. हायड्रोजनच्या बसमध्ये तो ३५० पट आणि मोटारीत ७०० पट असतो. लोखंडाची साधी टाकी इथे चालत नाही. कार्बन तंतूंची, अनेक थरांची टाकी लागते. किलोभर हायड्रोजनसाठी टाकीचेच वजन पंधरा-सतरा किलो भरते. दुसरा मार्ग म्हणजे द्रवरूपात साठवणे. त्यासाठी तो उणे २५३ अंश सेल्सियसपर्यंत थंड करावा लागतो आणि त्यातच त्याच्या ऊर्जेचा मोठा वाटा खर्च होतो.

तरीही हे तंत्र आज सिद्ध झाले आहे. जपानमध्ये डिसेंबर २०१४ मध्ये बाजारात आलेल्या टोयोटा मिराईच्या नव्या आवृत्तीत ५.६ किलो हायड्रोजन मावतो आणि टाकी पाच मिनिटांत भरते. ३० मार्च २०२२ रोजी केंद्रीय मंत्री नितीन गडकरी हीच गाडी घेऊन संसदेत गेले, तेव्हा तिची छायाचित्रे सगळीकडे झळकली होती. पुण्याचाही या क्षेत्रात वाटा आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने, म्हणजे एनसीएलने, इतर संस्था आणि केपीआयटी कंपनीच्या साथीने देशी इंधन घट विकसित केला. २०२० मध्ये त्यावर मोटार चालवून पाहिली गेली आणि ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यात बसही दाखवली गेली.

हा वायू येतो कुठून?

दुसरी अडचण अधिक मोठी आहे. कोळशासारखा किंवा कच्च्या तेलासारखा हायड्रोजन खणून आणता येत नाही. काही ठिकाणी जमिनीत त्याचे नैसर्गिक साठे सापडले आहेत, पण आज जगाचे काम भागते ते बनवलेल्या हायड्रोजनवर. तो पाण्यात आहे, नैसर्गिक वायूत आहे, शेणातही आहे. पण कशाला ना कशाला बांधलेला. त्याला सोडवायला ऊर्जा खर्च करावी लागते. म्हणूनच हायड्रोजन हा ऊर्जेचा स्रोत कमी आणि ऊर्जा वाहून नेणारा हमाल अधिक आहे. हमालाच्या डोक्यावरचे ओझे कुठून आले, यावर सगळे अवलंबून असते.

जगात दरवर्षी सुमारे साडेनऊ कोटी टन हायड्रोजन तयार होतो आणि त्यातला बहुतेक नैसर्गिक वायू व कोळशापासून बनतो. याला ‘करडा’ हायड्रोजन म्हणतात. नैसर्गिक वायूपासून एक किलो हायड्रोजन बनवताना नऊ ते दहा किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे गाडीच्या नळीतून वाफ येत असली, तरी धूर कारखान्याच्या धुराड्यातून निघालेला असतो.

पाण्यात वीज सोडून त्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे करता येतात, हा प्रयोग आपण शाळेत पाहिलेला असतो. सूर्य किंवा वाऱ्याच्या विजेवर हे केले, तर तो ‘हरित’ हायड्रोजन. पण इथे एक हिशेब करून पाहण्यासारखा आहे. एक किलो हायड्रोजनसाठी ५० ते ५५ युनिट वीज लागते. आपल्याकडची ग्रिडची वीज अजून मोठ्या प्रमाणात कोळशावर तयार होते. एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. तेव्हा अशा विजेवर बनवलेल्या एका किलो हायड्रोजनमागे ३५ किलोंहून अधिक कार्बन डायऑक्साइड होतो. त्या एका किलोवर मोटार साधारण १०० किलोमीटर जाते. तेवढ्याच अंतरासाठी पेट्रोलची गाडी पाच-सहा लिटर पेट्रोल जाळते आणि १२ ते १४ किलो कार्बन डायऑक्साइड सोडते. म्हणजे कोळशाच्या विजेचा हायड्रोजन पेट्रोलच्या जवळपास तिप्पट वाईट!

म्हणून ‘हरित’ कशाला म्हणायचे, याची व्याख्या महत्त्वाची ठरते. केंद्राने ऑगस्ट २०२३ मध्ये ती ठरवली : एका किलो हायड्रोजनमागे उत्सर्जन दोन किलोंपेक्षा जास्त नको. त्याआधी जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटी रुपयांचे राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियान मंजूर झाले. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन उत्पादन आणि त्यासाठी सुमारे १२५ गिगावॉट नवी अक्षय ऊर्जा, असे त्याचे उद्दिष्ट आहे. महाराष्ट्रानेही जुलै २०२३ मध्ये ८,५६२ कोटी रुपयांच्या तरतुदीसह स्वतःचे धोरण जाहीर केले.

दुष्काळी भागातला वाचक इथे विचारेल, पाण्याचे काय? एक किलो हायड्रोजनसाठी नऊ लिटर शुद्ध पाणी लागते. शुद्धीकरण आणि थंड करण्याचे पाणी धरले, तर २० ते ३० लिटर. देशाचे ५० लाख टनांचे उद्दिष्ट गाठायला वर्षाला साडेतीन ते सव्वापाच टीएमसी पाणी लागेल. कोयनेची क्षमता १०५ टीएमसी आहे, हे लक्षात घेता देशाच्या पातळीवर हा आकडा फार मोठा नाही. पण भरपूर ऊन आणि मोकळी जमीन जिथे असते, तिथेच बहुधा पाणी कमी असते. टँकरवर जगणाऱ्या तालुक्यात असा प्रकल्प आला, तर टीएमसीचा राष्ट्रीय हिशेब तिथल्या माणसाच्या उपयोगाचा नाही. जागा निवडताना हा विचार आधी व्हायला हवा.

हिंडेनबर्गची सावली

हायड्रोजन म्हटले, की स्फोटाची भीती वाटणे साहजिक आहे. ६ मे १९३७ रोजी अमेरिकेतील लेकहर्स्ट येथे हिंडेनबर्ग हे हायड्रोजन भरलेले जर्मन हवाई जहाज पेटले आणि ३६ जण मृत्युमुखी पडले. त्या चित्रफितीने या वायूची प्रतिमा कायमची काळवंडली. जहाजातल्या ९७ जणांपैकी ६२ जण वाचले, हे मात्र कुणाला आठवत नाही. हायड्रोजन हवेपेक्षा चौदा पट हलका असल्याने त्याची आग झपाट्याने वर गेली.

हाच गुण उघड्यावर उपयोगी पडतो. पेट्रोल सांडले की जमिनीवर पसरते, एलपीजी खाली साचतो. हायड्रोजन गळला तर वर निघून जातो. बंद जागेत मात्र तो छताशी साचतो. हवेत ४ ते ७५ टक्के या विस्तृत प्रमाणात तो पेट घेऊ शकतो, आणि त्यासाठी अगदी क्षीण ठिणगीही पुरते. त्याला रंग नाही, वास नाही. स्वयंपाकाच्या गॅसमध्ये मुद्दाम वास मिसळतात, तसे इथे करता येत नाही, कारण वासाचे रसायन इंधन घट बिघडवते. दिवसाउजेडी त्याची ज्योतही जवळजवळ दिसत नाही. त्यामुळे नाकाडोळ्यांवर विसंबून चालत नाही, यंत्रेच लागतात. गॅरेज, बोगदे, तळघरातली वाहनतळे यांची रचना त्यानुसार करावी लागेल.

२०१९ सालच्या दोन अपघातांतून काय शिकायचे ते स्पष्ट आहे. मे महिन्यात दक्षिण कोरियातील गांगनुंग येथे हायड्रोजनच्या टाकीत ऑक्सिजन मिसळल्याने स्फोट झाला; दोघे दगावले, सहा जण जखमी झाले. जूनमध्ये नॉर्वेच्या ओस्लोजवळच्या इंधन केंद्रात स्फोट झाला. त्याचे कारण निघाले नीट न आवळलेले बोल्ट. दोष वायूचा कमी आणि हलगर्जीचा जास्त. रुग्णालयातल्या ऑक्सिजन गळतीपासून कारखान्यातल्या बॉयलरपर्यंत आपल्याकडचे अपघात आठवले, तर देखभाल आणि तपासणी हाच आपला कच्चा दुवा आहे, हे मान्य करावे लागते. हायड्रोजन हा दुवा अधिक ताणणार आहे.

फुप्फुसांना किती दिलासा?

इंधन घटावरच्या गाडीतून ना काजळी निघते, ना नायट्रोजनची ऑक्साइडे. दमेकरी मूल, हृदयविकाराचा ज्येष्ठ नागरिक, रस्त्यालगतच्या घरातली गर्भवती यांच्या दृष्टीने हा सरळ फायदा आहे. अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण फुप्फुसांच्या टोकापर्यंत जातात. त्यातले सर्वांत सूक्ष्म कण रक्तातही उतरतात. ते दमा आणि फुप्फुसाच्या जुनाट विकारांसोबत हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघाताचाही धोका वाढवतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये या कणांची वार्षिक सरासरी मर्यादा घनमीटरमागे ५ मायक्रोग्रॅम सुचवली. भारताचे मानक ४० आहे, आणि आपली अनेक शहरे तेही पाळत नाहीत.

इंजिनात हायड्रोजन जाळला, तर मात्र गोष्ट थोडी बदलते. काजळी जवळपास जाते. वंगणतेलाचा अंश जळतो तेवढीच उरते. पण ज्वालेच्या प्रचंड उष्णतेत हवेतलाच नायट्रोजन ऑक्सिजनशी संयोग पावतो आणि नायट्रोजनची ऑक्साइडे तयार होतात. ती श्वासनलिका चिडवतात आणि उन्हात जमिनीलगतचा ओझोन बनायला मदत करतात. हवेचे प्रमाण वाढवून आणि धूर शुद्ध करणारी यंत्रणा बसवून हे खूप कमी करता येते, पण त्यावर देखरेख हवी. ‘हायड्रोजनची गाडी म्हणजे शून्य प्रदूषण’ हे वाक्य प्रत्येक गाडीला लागू नाही.

टायर आणि ब्रेक झिजून उडणारी धूळ, तसेच खराब रस्त्यांवरची माती तर कुठल्याच इंधनाने जाणार नाही. आणि गळलेला हायड्रोजन स्वतः विषारी नसला, तरी हवेतल्या मिथेनचे आयुष्य वाढवतो. शंभर वर्षांच्या हिशेबात त्याचा तापमानवाढीवरचा परिणाम कार्बन डायऑक्साइडच्या अकरा-बारा पट धरला जातो. तेव्हा गळती थांबवणे सुरक्षिततेइतकेच हवामानासाठीही गरजेचे आहे.

कुठे उपयोगी, कुठे नाही

आता खर्चाचा आणि उपयोगाचा प्रश्न. सौर पॅनेलमधून १०० युनिट वीज मिळाली असे समजा. ती थेट बॅटरीत भरली, तर त्यातली ७० ते ८० युनिट चाकांपर्यंत पोहोचते. तीच वीज वापरून हायड्रोजन बनवला, दाबला, वाहून नेला आणि त्यापासून गाडीत पुन्हा वीज केली, तर हातात जेमतेम ३० युनिट उरते. घरगुती मोटार, स्कूटर, रिक्षा यांच्यासाठी बॅटरी हाच सरस पर्याय आहे, हे आता जवळपास ठरून गेले आहे.

बाजारानेही तेच सांगितले. फ्रान्समधील माँपेलिए शहराने ५१ हायड्रोजन बसची योजना जानेवारी २०२२ मध्ये सोडून दिली. किलोमीटरमागे हायड्रोजनचा खर्च ९५ सेंट आणि विजेचा १५ सेंट, असा त्यांचा हिशेब निघाला होता. शेल कंपनीने फेब्रुवारी २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातली मोटारींची हायड्रोजन केंद्रे बंद केली. जर्मनीच्या लोअर सॅक्सनी प्रांतात २०२२ मध्ये हायड्रोजनच्या १४ रेल्वेगाड्यांचा ताफा सुरू झाला, त्याचे जगभर कौतुक झाले. पुढच्याच वर्षी त्याच प्रांताने यापुढची खरेदी बॅटरीच्या गाड्यांची करायचे ठरवले.

मग हायड्रोजनची जागा कुठे? जिथे यंत्राला दिवसभर दमदार काम करायचे असते आणि बॅटरी भरत बसायला वेळ नसतो, तिथे. अमेरिकेतल्या मोठ्या गोदामांत इंधन घटावरचे पन्नास हजारांहून अधिक फोर्कलिफ्ट आहेत. तीन मिनिटांत टाकी भरते आणि बंद गोदामात धूर होत नाही. आपण ज्याला सरसकट ‘जेसीबी’ म्हणतो, त्या यंत्राच्या कंपनीनेही हायड्रोजन जाळणारे इंजिन तयार केले आहे. कारण डोंगरात रस्ता खणणाऱ्या यंत्राजवळ विजेचा खांब कुठून येणार? दक्षिण आफ्रिकेतल्या प्लॅटिनमच्या खाणीत २०२२ मध्ये हायड्रोजनवरचा अजस्र डंपर चालवून पाहिला गेला. लांब पल्ल्याचे अवजड ट्रक हा सीमेवरचा विषय आहे. तिथे बॅटरीही वेगाने सुधारते आहे, म्हणूनच सध्याच्या चाचण्यांना अर्थ आहे.

रुग्णालयांच्या दृष्टीने आणखी एक शक्यता आहे. वीज गेली, की अतिदक्षता विभाग डिझेल जनरेटरवर चालतो, आणि त्याचा धूर पुष्कळदा वॉर्डाच्या खिडकीखालीच निघतो. इंधन घटावरची पर्यायी वीज निःशब्द आणि निर्धूर असते. आज ती महाग आहे. पण हे काम तिच्या स्वभावाला शोभणारे आहे.

आणि सर्वांत आधीची जागा तर रस्त्यावर नाहीच. भारतात आज वापरला जाणारा बहुतेक हायड्रोजन तेल शुद्धीकरण कारखान्यांत आणि खतांसाठी लागतो. अलिबागजवळच्या थळच्या कारखान्यातला अमोनियाही नैसर्गिक वायूपासून मिळालेल्या हायड्रोजनचाच. तिथला करडा हायड्रोजन काढून हरित वापरला, तर नवी गाडी किंवा नवे इंधन केंद्र न लागता थेट फायदा मिळतो. हरित हायड्रोजन थोडा आणि महाग आहे, तोवर तो आधी जिथे दुसरा पर्यायच नाही तिथे जावा, असा अनेक तज्ज्ञांचा आग्रह आहे.

‘पाण्यावर चालणारी गाडी’

या विषयाभोवती फसवणुकीचाही धंदा चालतो. ‘पाण्यावर गाडी चालते’, ‘हे किट बसवा, बॅटरीच्या विजेने पाण्यातून हायड्रोजन निघेल आणि पेट्रोल निम्मे लागेल’ असे व्हिडिओ मोबाइलवर फिरतात. अमेरिकेत स्टॅनली मेयर यांनी असाच दावा करून गुंतवणूकदारांकडून पैसे घेतले होते; १९९६ मध्ये ओहायोच्या न्यायालयाने ती फसवणूक ठरवून पैसे परत करायला लावले. पाणी म्हणजे जळून झालेला हायड्रोजन, म्हणजे राखच. राखेतून पुन्हा लाकूड करायला जितकी आग मिळाली होती तितकी तरी खर्च करावीच लागणार. गाडीच्या बॅटरीत ती ऊर्जा इंजिनातूनच येते, तेव्हा बचत होण्याचा प्रश्नच नाही. वर बोनेटखाली ज्वालाग्राही वायू तयार करणारे घरगुती उपकरण बसवणे धोक्याचे आहे.

विचारायचे चार प्रश्न

दिल्लीत १९९८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर बस सीएनजीवर आणायला २००२ उजाडले. त्या काळात रांगा, तक्रारी, संप सारे झाले. पण बसमागचा काळा धूर गेला. पुढे गाड्यांची संख्याच इतकी वाढली की दिल्लीची हवा पुन्हा बिघडली. इंधन बदलणे हा उपायाचा एक भाग असतो, संपूर्ण उपाय नव्हे, हे त्यातून दिसले.

म्हणून आपल्या शहरात उद्या हायड्रोजनची बस आली, तर नागरिकांनी तिचे स्वागत जरूर करावे आणि चार प्रश्नही विचारावेत. हा हायड्रोजन कोणत्या विजेवर बनला? पाणी कुठले वापरले? किलोमीटरमागे खर्च किती, आणि त्या पैशांत बॅटरीच्या किती बस आल्या असत्या? गळती आणि देखभाल कोण तपासते, किती दिवसांनी?

चौकातल्या पोलिसाच्या आणि टोलनाक्यावरच्या कर्मचाऱ्याच्या फुप्फुसांना समोरून जाणारा ट्रक हायड्रोजनचा आहे की बॅटरीचा, याने फरक पडत नाही. तो डिझेलचा नसला, म्हणजे झाले. तोवर जुनी धुरकट वाहने वेळेवर बाद करणे, पीयूसी तपासणी प्रामाणिक करणे, सार्वजनिक वाहतूक वाढवणे आणि उघड्यावर कचरा जाळणे थांबवणे, हे उपाय आजच हाताशी आहेत. त्यांना कुठल्याही नव्या इंधनाची वाट पाहावी लागत नाही.